मुलाची वही उघडून पाहा

मुले अभ्यास सोडून चित्रे काढत बसली की आम्ही रागावतो. पण विल्यम क्लिफ्टची हकीकत वाचा. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातला, पिठाच्या गिरणीवाल्याचा हा गरीब, पोरका मुलगा. त्याची चित्रे एका बाईंच्या नजरेस पडली. त्यांनी शिफारस केली. १७९२ साली तो लंडनला शल्यविशारद जॉन हंटर यांच्याकडे बिनपगारी उमेदवारीला लागला. पुढे डॉ. मॅथ्यू बेली यांच्या रोगट अवयवांच्या चित्रसंग्रहासाठी (१७९९ ते १८०३) त्यानेच चित्रे काढली. फुप्फुसातले फुगलेले वायुकोश, जठरातला व्रण, पित्ताशयातले खडे! रोग नेमका कुठे बसतो, हे डॉक्टरांना कागदावर दिसले. १८२३ साली क्लिफ्ट रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

वाचकहो, रागावण्याआधी आपण मुलाची वही उघडून पाहू या.