आधी कान, मग लेखणी

२०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावाजवळ एका बसमध्ये भाषेवरून तंटा झाला आणि महाराष्ट्र-कर्नाटकातील बसवाहतूकच काही दिवस विस्कटली. बेळगाव-निपाणीत एका शब्दाने किती पेटते, हे पत्रकारितेच्या विद्यार्थ्यास प्रथम शिकविले पाहिजे.

आमचे वडील तानेआधी महिनोन्‌महिने नुसता षड्ज लावून घेत. वार्ताहराचा षड्ज म्हणजे ऐकणे: मराठी प्रवाशाचे, तसेच कानडी कंडक्टरचेही, त्याच्याच भाषेत. ऐकीव ते ऐकीव म्हणूनच लिहावे. पडताळल्यावाचून आरोप छापू नये.

१८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, तेच मुळी मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत. सीमेवरच्या मराठी मुलाने कानडी शिकणे म्हणजे आपली बाजू सोडणे नव्हे. आपली बाजू खरी असेल, तर ती खऱ्या बातमीनेच टिकेल.