कौन्सिलचे पाकीट उघडले का?



गेल्या अंकात बालवर्गाच्या हॉलची बातमी दिली होती. आपला शनिवारचा मराठी वर्ग ज्या हॉलमध्ये भरतो तो कौन्सिलचा आहे आणि आपल्यासारख्या मंडळांना भाड्यात मिळणारी सवलत काढून घेण्याचे कौन्सिलच्या मनात आहे. त्यासंबंधी कार्यकारिणीतर्फे आम्ही तिघे आपल्या वॉर्डाच्या कौन्सिलरबाईंना भेटायला गेलो. इथे कौन्सिलरांनी लोकांना भेटण्याच्या वेळेलाही ‘सर्जरी’च म्हणतात. आमच्यातल्या एकांच्या आई सध्या इथे आलेल्या आहेत. आम्ही निघताना त्यांनी घाबरून विचारले, “कोणाची रे सर्जरी?”

बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, वहीत टिपून घेतले. मग सहज विचारावे तसे विचारले, “तुमच्या मंडळातले किती जण या वॉर्डात मतदार आहेत?” आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. वर्गात मुले किती, गणपतीला मोदक किती लागले, हॉलच्या खुर्च्या किती मोडक्या, हे सारे आम्हांला पाठ होते. मतदार किती, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. शिवाय आम्हां तिघांपैकी दोघांचे नावच यादीत नव्हते, हे बाहेर गाडीपाशी आल्यावर कळले. त्या दोघांत आम्ही स्वतः होतो.

कारण सांगायलाही लाज वाटते. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुमारास कौन्सिलचे एक पाकीट येते. या घरात कोण कोण राहते, मतदार यादीत कोणाचे नाव घालायचे, अशी त्यात चौकशी असते. “आपला पासपोर्ट भारताचा, आपला काय संबंध?” असे म्हणून आम्ही ते पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत टाकत आलो. कौन्सिल टॅक्स मात्र न चुकता भरतो. डॉक्टरेट मिळवली, पण दारात आलेला कागद नीट वाचायचे शिकलो नाही.

तर संबंध आहे, आणि पूर्ण आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे इथे कायदेशीर परवानगीने राहणाऱ्या भारतीय नागरिकाला कौन्सिलच्याच नव्हे, पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येते. व्हिसा नोकरीचा असो वा शिक्षणाचा, कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला असो वा नसो. इतकी वर्षे राहिले पाहिजे, अशीही अट नाही. वय १८ पूर्ण हवे आणि यादीत नाव हवे. इथे मत दिल्याने भारतीय नागरिकत्व जाते, असा एक समज आपल्यात आहे, तो चूक आहे. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपणहून घेतले तर ते जाते, मत दिल्याने नाही. उलट भारतातल्या मताचे पाहा. २०१० च्या कायद्याने परदेशस्थ भारतीयांना आपल्या मूळ मतदारसंघात नाव नोंदवता येते, पण मत द्यायला स्वतः तिथे जावे लागते. त्यासाठी विमानाचे तिकीट कोण काढणार? इथले मतदान केंद्र दहा मिनिटांच्या चालीवर असते आणि सकाळी ७ ते रात्री १० उघडे असते.

आपल्या मंडळातल्या एक ज्येष्ठ काकू गेली चाळीसहून अधिक वर्षे दर निवडणुकीला मत देतात. त्यांना विचारले तर म्हणाल्या, “अरे, तुम्ही कोणी कधी विचारलंच नाही, म्हणून मी सांगितलं नाही. मला वाटलं, एवढी शिकलेली मुलं तुम्ही, देतच असाल.” त्यांनी सांगितलेले वर्णन नव्यांसाठी लिहितो. केंद्र बहुधा चर्चच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये असते. बोटाला शाई लावत नाहीत, मशीनही नसते. कागदावर नावे छापलेली असतात आणि दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची असते. वॉर्डात तीन जागा असतील तर तीनपर्यंत फुल्या मारता येतात. त्याहून जास्त मारल्या तर कागद बाद! काकूंना एकाच गोष्टीचे वाईट वाटते. पुण्यात शाई लावलेले बोट घेऊन त्या दिवसभर मिरवत असत, इथे बोट कोरेच राहते.

पुण्यामुंबईला असताना नगरसेवकाचे नाव आपल्याला ठाऊक असे. पाणी आले नाही, गटार तुंबले, की त्याचेच दार. इथे नळाला पाणी येते, कचऱ्याची गाडी ठरल्या दिवशी येते, म्हणून कौन्सिल आपोआप चालते असे आपण धरून चालतो. पण शाळेतले प्रवेश, ग्रंथालयाच्या वेळा, पार्किंगचे परवाने, शेजाऱ्याला घर वाढवण्याची परवानगी, म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीची सोय, हे सारे तिथेच ठरते. या देखभालीच्या खर्चाचा बोजा इतका मोठा आहे, की पैसे कमी पडले की ग्रंथालय आणि हॉल यांच्यावर आधी कात्री चालते.

आणि हे ठरवणारे निवडून कसे येतात? २०२४ च्या पार्लमेंटच्या निवडणुकीत सुमारे ६० टक्के मतदान झाले, तर तेच फार कमी म्हणून ओरड झाली. २०२२ च्या लंडनच्या बरोंच्या निवडणुकीत साधारण तीन मतदारांतला एकच केंद्रावर गेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पोलिसांवर देखरेख ठेवणारे कमिशनर निवडायचे होते, तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये मतदान जेमतेम १५ टक्के झाले. वेल्समध्ये न्यूपोर्टच्या एका केंद्रावर तर दिवसभरात एकही मतदार फिरकला नाही. आणि हे प्रमाण यादीतल्या नावांवर काढतात. ज्यांचे नावच यादीत नाही ते ‘न आलेल्यां’तही धरले जात नाहीत. आम्ही आजवर त्यांत होतो.

प्रयोगशाळेत बाटलीतून नमुना काढायचा तर आधी बाटली हलवून घेतात, नाहीतर वर तरंगते तेवढेच हाती लागते. निवडणुकीत बाटली हलवायची सोय नाही. जे येतात त्यांत वयस्क आणि स्वतःच्या घरात राहणारे अधिक, तरुण आणि भाड्याच्या घरात राहणारे कमी. त्यात कोणाचा दोष नाही, जे येतात ते आपले काम करतात. पण शाळेजवळच्या धोक्याच्या रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंग हवे असलेली लहान मुलांची आई जर भाडेकरू असेल आणि यादीत नसेल, तर तिचे गाऱ्हाणे मांडणारे मत पेटीत पडतच नाही.

“एका मताने काय होते?” असे दोघातिघांनी विचारले. मे २०१७ मध्ये नॉर्थंबरलंड काउंटीच्या साउथ ब्लाइथ वॉर्डात दोन उमेदवारांना सारखी मते पडली. पुन्हा मोजली, तरी सारखीच. शेवटी काड्या ओढून निकाल लावला आणि ज्याची काडी आखूड निघाली त्याच्या पक्षाचे त्या कौन्सिलमधले बहुमत एका जागेने हुकले. आपल्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर गेले, ते अवघ्या ५ मतांनी. त्याच फिन्सबरीत १९३८ मध्ये डॉ. चुनीलाल कात्याल मेयर झाले आणि त्यांच्या खटपटीने उभे राहिलेले आरोग्य केंद्रही त्याच वर्षी उघडले. कृष्ण मेनन १९३४ ते १९४७ सेंट पॅंक्रसचे कौन्सिलर होते. तेव्हा भारत स्वतंत्रही नव्हता. म्हणजे आपल्या माणसांनी इथल्या कौन्सिलात लक्ष घालणे हे काही नवीन खूळ नाही.

कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा वाद झाला, तोही सांगतो. “मंडळात राजकारण आणू नका,” असे एका जुन्या सभासदांनी बजावले. त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे, त्यामुळे अमक्याला मत द्या असे सांगायचे नाही, आणि सांगणारही नाही. पण नाव नोंदवा एवढे सांगायला कायद्याची आडकाठी नाही. “आपण इथे पाहुणे, पाहुण्याने कशाला बोलावे?” असेही एक जण म्हणाले. हे मात्र आम्हांला पटत नाही. पाहुण्याकडून कोणी टॅक्स घेत नाही.

आता कामाचे. नाव वर्षभरात कधीही नोंदवता येते, पण मतदानाच्या आधी कामाचे १२ दिवस असताना नोंदणी बंद होते. घरातल्या प्रत्येकाने आपापली नोंदणी स्वतंत्र करायची, नवऱ्याने केली म्हणून बायकोची होत नाही. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. केंद्रावर जाताना फोटो असलेले ओळखपत्र लागते, हा नियम इंग्लंडच्या कौन्सिल निवडणुकांना मे २०२३ पासून आला. आपला भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो. नोकरीमुळे त्या गुरुवारी जमणार नसेल तर पोस्टाने मत द्यायचा अर्ज आधी करून ठेवा. आणि घर घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी एक जादा फायदा: कर्ज देणाऱ्या संस्था पत्ता पडताळताना मतदार यादी पाहतात.

येत्या दोन्ही शनिवारी बालवर्ग सुटताना चहाच्या टेबलाशेजारी आम्ही लॅपटॉप घेऊन बसणार आहोत. नोंदणीला पाच-सात मिनिटे लागतात. आमची स्वतःची झाली. काकूंनीही मदतीला बसायचे कबूल केले आहे. नाव यादीत असल्याचे ज्यांनी तपासले आहे त्यांनीही येऊन तेवढे सांगून जावे, म्हणजे आम्हांला मोजता येईल.

हॉलच्या भाड्याचा निर्णय अजून लागलेला नाही. कौन्सिलरबाईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे. आकडा हाती आला की त्यांच्या पुढच्या सर्जरीला आम्ही तिघे पुन्हा जाणार आहोत.