आठव्या दिवशी अंगठा मिळणार नाही

सूरजागड, हेडरी, एटापल्ली या पट्ट्यात सेवा केंद्र चालवणारे, पतसंस्थेचे व्यवहार सांभाळणारे, ग्रामपंचायतीचा संगणक ज्यांच्या ताब्यात आहे ते, वजनकाट्यावर आणि ठेकेदारांच्या कचेऱ्यांत बसणारे, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. आजपासून सात दिवसांत प्रत्येक संगणकाचे राहिलेले सुरक्षा अपडेट करून घ्या. आठव्या दिवसापासून, अपडेट न केलेल्या यंत्राला आम्ही गावकरी अंगठाही देणार नाही आणि ओटीपीही सांगणार नाही. चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

‘जंगलातल्या यंत्रात कोण शिरणार?’ हे आता पुरे. हॅकरचा प्रोग्राम इंटरनेटवरचा एकेक पत्ता आपोआप चाचपत जातो. समोर मुंबई आहे की सूरजागड, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कंपनीने दुरुस्ती जाहीर केली की हॅकर जुना आणि नवा प्रोग्राम ताडून पाहतात. काय बदललं ते दिसलं की दोष नेमका कुठे होता तेही कळतं. त्या दिवसापासून दुरुस्ती न बसवलेलं प्रत्येक यंत्र उघडं पडतं.

२०१७ साली हेच झालं. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधला एक गंभीर दोष दुरुस्त केला. १४ एप्रिलला त्याच दोषातून शिरण्याचं हत्यार इंटरनेटवर उघड झालं. १२ मे रोजी त्याच हत्याराच्या जोरावर वॉनाक्राय हा संगणक कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला आणि ब्रिटनमधल्या इस्पितळांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तरीही अनेकांनी हालचाल केली नाही. २७ जूनला त्याच दोषाचा फायदा घेणारा नॉटपेट्या हा व्हायरस आला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातलं गेटवे टर्मिनल ठप्प झालं. ते चालवणाऱ्या मर्स्क समूहाला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. दुरुस्ती येऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते! नॉटपेट्या एका यंत्रात शिरला की तिथले पासवर्ड चोरून दुरुस्त केलेल्या यंत्रांतही घुसत असे. म्हणून तुमचा आळस हा तुमचा खासगी प्रश्न नाही.

नॉटपेट्या पहिल्यांदा पसरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच, हे खरं आहे. त्यावरून अपडेटच नको म्हणणं चूक आहे. अपडेट मूळ कंपनीच्या यंत्रणेतूनच घ्या, कुणी पाठवलेल्या लिंकवरून किंवा पेनड्राइव्हवरून नको, आणि दस्तऐवजांची एक प्रत यंत्रापासून वेगळी ठेवा. रेंज नसेल तर यंत्र उचलून रेंज आहे तिथे न्या. विंडोज १० ला मोफत अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं आहे. मुदतवाढीसाठी नोंदणी केली नसेल, तर ते यंत्र लोकांच्या कागदपत्रांसाठी वापरणं बंद करा. विंडोज ७ वर तर कुठलीही सबब चालणार नाही.

हल्ला झाला तर लपवू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आणि सरकारी कार्यालयांनी सहा तासांत कळवायचं असतं. कुणाचे पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा.

प्रत्येक काउंटरवर शेवटच्या अपडेटची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव लावा. आठव्या दिवशी ते दिसलं नाही, तर ग्रामसभेत ठराव मांडू आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार देऊ.