सातचा भोंगा आपल्याही गावात वाजू द्या



15 ऑगस्टची ग्रामसभा तोंडावर आली आहे. विषयपत्रिकेत सातच्या भोंग्याचा विषय घालायचा आहे. अर्जावर तुमच्या सह्या हव्यात, आणि त्या याच आठवड्यात.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. करोनात शाळा ऑनलाइन झाल्या, मुलांच्या हाती मोबाइल आला आणि शाळा उघडल्या तरी तो सुटेना. मग 2022 च्या ऑगस्टमध्ये गावाने देवळावर भोंगा बसवला. संध्याकाळी सातला तो वाजला की घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला वाजला की सुरू. मधला दीड तास अभ्यासाचा. सुरुवातीला शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी दारोदार फिरून बघत होते.

मी नववी-दहावीला शिकवते. रील म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा पोळ्याच्या मिरवणुकीचं रील असं जोडतो, की ढोलाच्या ठेक्यावर एकेक दृश्य बदलतं. हे त्याला मी शिकवलेलं नाही. पण मुलगी नाही म्हणाली तर तिची जिरवायची कशी, गोरं कसं व्हायचं, दंड किती दिवसांत फुगवायचे, हे धडेही त्याला तिथेच मिळतात. देणारा कोण, हे आपल्याला ठाऊक नसतं. पोरगं एखाद्या व्हिडिओवर जरा रेंगाळलं की मागून तसल्याच व्हिडिओंची रांग लागते. आणि चौदाव्या वर्षी रेंगाळायला असं काय लागतं!

आता थोडं कडू बोलते. सातच्या मालिका मुलं नाही, आपण बघतो. सासू-सुनेच्या भांडणावर डोळे लावून पोराला ‘अभ्यास कर’ म्हणायचं, तर तो का ऐकेल? भोंगा आधी आपल्यासाठी आहे. क्रिकेटची मॅचही त्यात आली, दादा.

साडेआठनंतर मोबाइल हिसकावू नका. शेजारी बसून ‘आज काय बघितलंस, दाखव की’ म्हणा. हसू आलं तर हसा. खटकलं तर का खटकलं ते सांगा. नुसतं ओरडलात, तर उद्यापासून तो पांघरुणात बघेल.

सह्यांचा कागद शाळेत ठेवला आहे. परिपाठाआधी या, नाहीतर शाळा सुटल्यावर. भोंगा देवळावर लावायचा की ग्रामपंचायतीवर, हा वाद ग्रामसभेत घालू.