नोटीस छत पेलत नाही
जुन्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचे नाव काढले की आमच्या जळगाव-धुळ्यात घरमालकाला खर्च दिसतो आणि भाडेकरूला रस्ता. पण महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६५-अ स्पष्ट आहे: ३० वर्षे झालेली इमारत नोंदणीकृत इंजिनिअरकडून तपासून घेणे मालकाचे किंवा भोगवटादाराचे काम.

भिवंडीची जिलानी बिल्डिंग १९८४ची. २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. पस्तीसहून अधिक जीव गेले. नोटीस दिली होती, असे महापालिकेने सांगितले. नोटिशीने कुणाचे लेकरू वाचले?

भाडेकरूची भीती मी खोटी म्हणत नाही. खोली सोडली तर परत मिळेल का? मग हक्क लेखी मागा; तपासणी अडवू नका. आणि मालकांनो, दरमहा भाडे घेता, तर इंजिनिअरची फीही तुम्हीच भरा.