हा मासा नक्की कोण?



आपल्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी माशाचा फोटो येतोच. अर्धा पिशवीत, अर्धा बाहेर, कधी डोकं आधीच कापलेलं. खाली प्रश्न : "हा कोणता मासा? आणि करायचा कसा?" पाच मिनिटांत चार उत्तरं येतात. मालवणकडचे काका एक नाव सांगतात, वसईची मावशी दुसरं. सुरतेत जन्मलेली आमची पिढी बाजारात ऐकलेलं गुजराती नाव टाकते. खानदेशातली मंडळी मरळ, वाम, रोहू डोळे मिटून ओळखतील, पण मासा खाऱ्या पाण्यातला असला की म्हणतात, "तुमचं तुम्ही बघा बुवा."

गंमत म्हणजे ही चारही उत्तरं बरोबर असू शकतात. आपला बोंबील इथे बुमला होतो. चिखलात उड्या मारणारी आपली निवटी दक्षिण गुजरातेत लेवटा होते. उलटही घडतं : एकाच नावाखाली दोन वेगळे मासे. म्हणून या महिन्यात नावं बाजूला ठेवून मासाच बघू या. यात पैशाचा प्रश्न आहे, पोटाचा आहे आणि क्वचित जिवाचाही.

पापलेटपासूनच सुरुवात करतो. हलव्याला आपण 'काळं पापलेट' म्हणतो, इंग्रजीतही तसंच म्हणतात, पण तो पापलेटाच्या कुळातला नाहीच. शेपटीच्या अगदी बुडाशी, दोन्ही बाजूंना बोट फिरवून बघा. हलव्याला तिथे बारीक खरखरीत खवल्यांची धार लागते, पापलेट गुळगुळीत असतं. याच्या उलट, सुरमई आणि बांगडा यांना शेजारी ठेवलं तर कोणी नातेवाईक म्हणणार नाही, पण दोघे एकाच कुळातले. दोघांच्याही पाठीवर आणि पोटाकडे, मागच्या परानंतर शेपटीपर्यंत छोट्या छोट्या पात्यांची रांग असते. ती खूण दिसली की घराणं कळलं.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे पटकन समजेल. मासा ओळखायची पुस्तकं म्हणजे एक लांबलचक 'इफ-एल्स' असते. पोटाखाली परांची जोडी आहे का? असेल तर या पानावर जा, नसेल तर त्या. अंगाच्या मधून जाणारी पार्श्वरेषा सरळ आहे की मध्येच खाली वळते? एकेका प्रश्नाला शक्यता गळत जातात. भारताच्या समुद्रात माशांच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत, पण नीट विचारलेल्या आठ-दहा प्रश्नांत आपण मूठभर नावांपर्यंत येतो. रंगाचा प्रश्न मात्र शेवटी विचारायचा. बर्फात दोन दिवस पडलेल्या माशाचा रंग जिवंतपणीचा नसतो. पर, तोंड, खवले आणि शेपटी सहसा बदलत नाहीत.

या पद्धतीचा रोजचा उपयोग सांगतो. बाजारात रूपचंद नावाचा मासा मिळतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला, आता आपल्याकडे तळ्यांत वाढवतात. खायला काही वाईट नाही, पण काही ठिकाणी तो पापलेट म्हणून गळ्यात मारला जातो. तीन गोष्टी बघायच्या. पहिली : पोटाखाली परांची जोडी. पापलेटाला ती नसते, रूपचंदला असते. दुसरी : पाठीचा पर आणि शेपटी यांच्यामध्ये आणखी एक छोटा मांसल पर. तोही फक्त रूपचंदला. तिसरी : तोंड उघडा. माणसासारखे मजबूत दात दिसले तर तो रूपचंद. तुकडे करून घेतल्यावर यातलं काहीच बघता येत नाही, म्हणून आधी अख्खा मासा बघायचा, मग सुरी.

सुरमईच्याही जाती आहेत. एकीच्या अंगावर आडवे-तिडवे डाग नसून उभे नागमोडी पट्टे असतात, आणि पार्श्वरेषा शेपटीकडे जाताना एकदम खाली उतरते. दुसरीच्या अंगावर पट्ट्यांऐवजी ठिपक्यांच्या रांगा असतात आणि रेषा हळूहळू उतरते. विकणारी बेन दोघींनाही सुरमईच म्हणेल, आणि तिचं काही चुकत नाही.

आता म्हणाल, मग शास्त्रीय नाव पाठ केलं की झालं! तेही अगदी पक्कं नसतं. आपल्या पापलेटाला वर्षानुवर्षं 'पॅम्पस अर्जेंटियस' म्हणत आले. अलीकडे डीएनए आणि शरीराची मापं तपासल्यावर शास्त्रज्ञांना दिसलं, की आपल्या किनाऱ्यावरचं पापलेट हे 'पॅम्पस कँडिडस' आहे. हे नाव क्यूविए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२९ साली दिलं होतं, मग ते जुन्या फायलीत पडून राहिलं. महाराष्ट्राने २०२३ साली ज्याला राज्यमासा केलं, त्याच्या नावाची ही कथा! म्हणजे "मला वाटतं हा अमुक असावा" असं म्हणण्यात कमीपणा काही नाही. शास्त्रज्ञही तेच म्हणतात, फक्त पुढे पुरावा जोडतात.

त्याच वर्षी गुजरातने घोळ हा आपला राज्यमासा ठरवला. ओळख नीट असली तर काय होतं, याचं उदाहरण घोळच देतो. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या मच्छीमारांच्या जाळ्यात सुमारे दीडशे घोळ आले आणि त्यांचा लिलाव सव्वा कोटी रुपयांच्या वर गेला. किंमत मांसापेक्षा पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला. तिला परदेशात मोठी मागणी आहे. घोळाच्या कुळात डोम्यासारखे स्वस्त मासेही येतात, आणि न जाणणाऱ्याला त्यांची पिल्लं सारखीच दिसतात. कोळ्याला हा फरक हातात घेताच कळतो. त्यासाठी त्याला ॲप लागत नाही.

आपल्या सुरतेत ओळखीचा गोंधळ जरा जास्त होतो, त्याला कारण आपली तापी. भरतीचं खारं पाणी नदीत शिरतं ते रांदेर-सिंगणपोरच्या कॉजवेपर्यंत. हा बंधारा १९९५ सालचा. त्याच्या वर गोडं पाणी, खाली मचूळ. त्यामुळे एकाच बाजारात, एकाच टोपलीशेजारी नदीचा मासा, खाडीचा मासा आणि खोल समुद्रातला मासा येऊन बसतो. पाला, म्हणजे बंगाल्यांचा हिल्सा, तर राहतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढतो. त्याला खारा म्हणायचं की गोडा? म्हणून अनोळखी मासा दिसला की विकणाऱ्या बेनला पहिला प्रश्न भावाचा नको. विचारा, "कुठून आला? डुमसचा, हजीराचा, की वेरावळहून बर्फात?" त्या एका उत्तराने निम्मं काम होतं.

आता जिवाचा भाग. केंड मासा तुमच्यातल्या काहींनी किनाऱ्यावर फुगलेला पाहिला असेल. अंगाला नेहमीचे खवले नाहीत, तोंडात पोपटाच्या चोचीसारखे चार जोडलेले दात. याच्या काही जातींत असं विष असतं, की ते शिजवून, तळून, उकळून जात नाही, आणि त्यावर उतारा नाही. ओठ-जीभ बधिर होणं ही पहिली खूण, मग थेट हॉस्पिटल. नियम सोपा : ओळख पटली नाही तर खायचा नाही, मग तो फुकट मिळालेला असो.

दुसरी गोष्ट हात लावण्याची. २०१३ च्या गणेश विसर्जनात मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर पाकटांनी अनेक भाविकांना दंश केले होते. पाकटाच्या शेपटीवर विषारी काटा असतो. शिंगाळ्याच्या परांचे काटेही चांगलेच झोंबतात. डुमसला मुलं ओहोटीच्या डबक्यात हात घालतात, त्यांना हे सांगून ठेवा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायची आणि डॉक्टरांकडे जायचं.

मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी सामान्य लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरवतात आणि दिसलेल्या जिवांची 'आयनॅचरलिस्ट'वर नोंद करतात. तिथे ॲप फक्त अंदाज सांगतं, शिक्कामोर्तब जाणकार माणसं करतात. 'फिशबेस' या संकेतस्थळावर पस्तीस हजारांहून जास्त जाती आहेत, चित्रांसह. दोन्ही फुकट आहेत.

तेव्हा यापुढे ग्रुपवर फोटो टाकताना एवढं करा. मासा अख्खा, आडवा, डोकं डावीकडे. पर बोटाने उघडून. शेजारी पेन किंवा नाणं, म्हणजे आकार कळेल. एक फोटो तोंडाचा, एक पोटाखालचा. सोबत तारीख आणि कुठून आला ते. आणि घरात मुलं असतील तर एक वही करा, तीन रकाने : आजी काय म्हणते, बाजारातली बेन काय म्हणते, शास्त्रज्ञ काय म्हणतात. तिसरा रकाना इंटरनेटवर कधीही भरता येईल. पहिले दोन मात्र विचारूनच भरावे लागतात, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करा.