कापा म्हणण्याआधी

"शुगरचा पाय आहे, कापावाच लागणार." हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज फेकलं जातं की हल्ली ऐकलं की डोकंच फिरतं.

अहो, या पायात दुखणी दोन. एक म्हणजे तळवा बधिर होतो, खडा टोचला तरी कळत नाही. दुसरं, गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या चोंदतात. आता रक्तच पोचत नसेल, तर बोट कापल्याची जखम तरी कशाने भरणार? मग पुढचं बोट, मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखालून. आमच्या नात्यात हा सगळा क्रम बघितला. तीन ऑपरेशनं झाली आणि जाडजूड फायलीत रक्तप्रवाहाच्या तपासणीचा एक कागद नाही!

(पू वर चढतोय, जिवावर बेतलंय, तेव्हा कापावंच लागतं. तिथे माझा वाद नाही.)

बरं, तपासणी काय अवघड आहे? डॉपलर लावून घोट्याचं ब्लडप्रेशर घ्यायचं आणि त्याला दंडाच्या ब्लडप्रेशरने भागायचं. ०.९ च्या खाली आलं की वाहिन्या अरुंद झाल्यात. मधुमेहात वाहिन्या कडक होऊन हा आकडा खोटा चांगला येतो कधीकधी, म्हणून अंगठ्याचंही प्रेशर बघतात. झालं!

पुढचे उपचार आता भरपूर आहेत. फुग्याने वाहिनी उघडतात, नाहीतर पायातलीच शीर काढून बायपास करतात. कुठलं आधी, यावर तज्ज्ञांचीच जुंपली आहे. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत चांगली शीर असणाऱ्यांना बायपास सरस ठरला, तर २०२३ च्या बेसिल-२ मध्ये, गुडघ्याखालच्या आजारात, आधी फुगा करणं बरं ठरलं. २०२४ मध्ये अमेरिकेत गुडघ्याखालच्या वाहिन्यांसाठी विरघळणाऱ्या स्टेंटला मान्यता मिळाली. खुशाल भांडा म्हणावं, पण पाय शिल्लक असताना!

आणि सगळं महागडंच असतं असंही नाही हं. बधिर तळव्याच्या जखमेवरचा भार काढणारं प्लास्टर डॉ. पॉल ब्रँड यांनी आपल्या वेल्लोरला कुष्ठरुग्णांसाठी वापरलं होतं. रक्तपुरवठा ठीक असेल तर त्याच जातीचं प्लास्टर आजही पहिली पसंती आहे.

तेव्हा, फोन करून "कापू द्यायचं का?" विचारणाऱ्या समस्त आते-मामेभावंडांनो, माझं मत नंतर. डॉपलर झाला का? व्हॅस्क्युलर सर्जनने पाय बघितला का? आधी ते कागद पाठवा.